आधी नकाशा, मग हिशेब

गेल्या मे महिन्यात माझी नात बेंगळूरूहून पंधरा दिवसांसाठी कलबुर्गीला आली होती. अभियांत्रिकीचे पहिले वर्ष, आणि परीक्षा तोंडावर आलेली. आपल्याकडचा मे म्हणजे सकाळी नऊनंतर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याची सोय नाही. ती माजघरात कूलरसमोर वह्या पसरून बसे आणि मी शेजारच्या आरामखुर्चीत वर्तमानपत्राचे निमित्त करून तिच्याकडे पाहत राही. एके दुपारी तिने पेन खाली टाकले. म्हणाली, "आजोबा, हे डबल इंटिग्रल सुटतच नाही. तास झाला."

मी चष्मा लावून वहीत डोकावलो आणि जागीच थबकलो. आकडे, अक्षरे, खालीवर लिहिलेल्या सीमा, सारे ओळखीचे होते. १९७८ च्या उन्हाळ्यात, बी. एस्सी.च्या अंतिम परीक्षेत, ज्या गणितापुढे माझी तास-पाऊण तासाची वाताहत झाली, ते हेच गणित.

आपल्या त्रैमासिकातून वाडे, वतने, वऱ्हाडी आणि वारकरी यांच्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. कलनशास्त्राविषयी कोणी लिहिल्याचे स्मरत नाही. वाचकांनी घाबरून पान उलटू नये, एवढीच विनंती. या लेखात एकही सूत्र चिन्हांत लिहिलेले नाही. शेत, बांध आणि बांगड्या यांच्यावर भागवले आहे, कारण मलाही ते तसेच शिकवले गेले.

ज्यांनी शिकवले ते आमचे सर मूळचे मराठी घरातले, पण शिकले हैदराबादला, उस्मानिया विद्यापीठात. ते विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले तेव्हा उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवण्यात आले होते आणि त्यासाठी पाठ्यपुस्तके उर्दूत आणणारे भाषांतराचे स्वतंत्र खातेच उभे केले होते. त्यामुळे सर कलनशास्त्राला 'एहसा' म्हणत शिकले. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, संस्थान गेले, उर्दू माध्यमही गेले. सरांनी तेच गणित पुन्हा इंग्रजीतून पाठ केले आणि आम्हाला इंग्रजीतून शिकवले. पण फळ्याशी उभे राहून स्वतःशी पुटपुटताना ते उर्दूत पुटपुटत, आम्हाला रागावताना कन्नडमध्ये रागावत आणि तास संपल्यावर घरच्यांची चौकशी मराठीत करीत. त्यांचे एक वाक्य त्या काळच्या आमच्या वर्गातील प्रत्येकाला आजही आठवत असेल. डबल इंटिग्रल फळ्यावर लिहिले की खडू खाली ठेवून ते आमच्याकडे वळत आणि दख्खनी हेल काढून म्हणत, "पहले नक्शा, बाद में हिसाब."

डबल इंटिग्रल, म्हणजे दुहेरी समाकलन, ही मुळात एक बेरीज आहे. जमिनीचा एक तुकडा घ्या. त्याच्या प्रत्येक ठिकाणी डोक्यावरच्या छताची उंची वेगळी आहे. तर जमीन आणि छत यांच्यामध्ये एकूण किती जागा आहे? हफ्त गुंबजच्या एखाद्या घुमटाखाली किती हवा मावेल, असे सर विचारीत. उत्तर काढण्याची रीत अशी की, जमिनीच्या बारीक बारीक पट्ट्या पाडायच्या, एका पट्टीवरच्या उंच्यांची बेरीज करायची, मग सगळ्या पट्ट्यांची बेरीज करायची. दोनदा बेरीज, म्हणून दुहेरी. पट्ट्या उभ्या पाडायच्या की आडव्या, हे ज्याचे त्याने ठरवायचे. शेतकरी कुळवाची एक पाळी उभी घालतो, दुसरी आडवी. रान तेच असते.

आता ते गणित. एक चौरस शेत आहे, बाजू एक एकक. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यापासून ईशान्येच्या कोपऱ्यापर्यंत तिरपा बांध घातला आहे. बांधाच्या वरचे, म्हणजे उत्तरेकडचे, त्रिकोणी रान आपले. या रानावरच्या छताची उंची अशी ठरते: दक्षिणेच्या बांधापासून त्या जागेचे अंतर मोजा, त्याचा वर्ग करा, आणि सुमारे २.७१८ किमतीची जी 'ई' नावाची प्रसिद्ध संख्या आहे तिचा तेवढा घात करा. जो आकडा येईल ती त्या जागेची उंची. प्रश्नपत्रिकेत पट्ट्या उभ्या, दक्षिणोत्तर, पाडून दिल्या होत्या. अशा पट्टीवरून चालू लागले की पावलापावलाला उंची बदलते, आणि ती अशा रीतीने बदलते की तिची बेरीज आपल्या ओळखीच्या कोणत्याही सूत्रात मांडता येत नाही. हा विद्यार्थ्याच्या बुद्धीचा दोष नव्हे. असे सूत्र मुळात असूच शकत नाही, हे दाखवणारा सिद्धांत फ्रेंच गणिती लिउव्हिल यांनी १८३० च्या दशकात उभा केला.

मी मात्र त्या परीक्षेत दिलेल्या पट्टीवरूनच चालू लागलो. एक युक्ती लढवली, दुसरी लढवली, मग अनंत श्रेणी मांडली. तीन पाने खोडाखोडीची झाली. पुढचे दोन प्रश्न, जे मला उत्तम येत होते, ते अर्धवट राहिले. निकाल लागला तेव्हा प्रथम श्रेणी थोड्या गुणांनी हुकली होती. आमची पदवी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची. गुलबर्गा विद्यापीठ पुढे १९८० मध्ये झाले. वडिलांनी एम. एस्सी.साठी धारवाडला एका नातलगाकडे माझी राहण्याची सोयही बघून ठेवली होती. ती तशीच राहिली.

निकालानंतर सर बाजारात भेटले. त्यांनी गुण विचारले नाहीत. एवढेच विचारले, "आकृती काढली होतीस ना?"

मी म्हणालो, "हो सर, काढली होती."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. "मग सुटायला हवे होते," असे म्हणून पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि ते निघून गेले. घरी मी वडिलांना सांगितले की प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. वडील सातवी शिकलेले. त्यांनी ते खरे मानले आणि पुढे अनेक वर्षे, आल्यागेल्याला, आमच्या मुलावर कसा अन्याय झाला ते सांगत राहिले. मी ते ऐकत राहिलो.

त्या दुपारी नातीने वही पुढे केली तेव्हा हे सारे माझ्या मनात होते. तिला मी एवढेच म्हणालो, "बाळ, आधी शेताचा नकाशा काढ." तिने नाक मुरडले, पण काढला. चौरस, तिरपी रेघ, वरचा त्रिकोण. म्हटले, "आता आडव्या पट्ट्या पाड. पूर्वपश्चिम." तिने एक पट्टी काढली. मी विचारले, "या पट्टीवरून चालताना दक्षिणेच्या बांधापासूनचे अंतर बदलते का?"

ती थांबली. "नाही. तेवढेच राहते."

"मग उंची?"

"तीही तेवढीच!" आणि मला पुढे काही सांगावे लागले नाही. आडव्या पट्टीवर उंची एकसारखी असेल तर बेरीज कसली करायची? लांबीने गुणले की झाले. पट्टी पश्चिमेच्या बांधापासून तिरप्या बांधापर्यंत जाते, म्हणून तिची लांबी त्याच अंतराएवढी येते. त्यामुळे त्या घाताच्या शेजारी ते अंतर गुणक म्हणून येऊन उभे राहते, आणि तेवढ्या एका गुणकाच्या आधाराने दुसरी बेरीज सहज सुटते. उत्तर येते 'ई' वजा एक, भागिले दोन, सुमारे ०.८५९. दोन ओळींचे काम. तासाभराची तिची झटापट आणि माझी तीन पाने, त्या दोन ओळींपुढे बसली होती.

नात खूष झाली आणि लगेच, तिच्या पिढीला शोभेल असा, प्रश्न केला, "पण आजोबा, याचा उपयोग काय? तुम्ही नोकरीत कधी डबल इंटिग्रल केलेत?"

केले नाही, हे खरे. पण माझी सारी नोकरी एका डबल इंटिग्रलच्या उत्तरावर उभी होती, हेही खरे. पदवीनंतर मी राज्य सरकारच्या सांख्यिकी खात्यात लागलो आणि २०१८ मध्ये निवृत्त झालो. या काळातली माझी निम्मी सुगी पीक कापणी प्रयोगांत गेली. कन्नडमध्ये ज्याला 'बेळे कटावु प्रयोग' म्हणतात ते. जिल्ह्यात तूर किती पिकली हे सांगायचे तर सगळी शिवारे कापून तोलता येत नाहीत. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छया गावे निवडायची, गावातले सर्व्हे नंबर निवडायचे, शेतातली जागाही तशीच निवडायची, खुंट्या ठोकून दोरीने ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, आतले पीक कापून, झोडून, वाळवून तोलायचे. अशा अनेक चौकोनांवरून जिल्ह्याची सरासरी निघते.

ही पद्धत भारतभर शास्त्रशुद्ध पायावर उभी करणाऱ्यांत एक मराठी माणूस अग्रभागी होता. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातले बुध हे गाव. लंडनला संख्याशास्त्राचे संशोधन करून ते परतले आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीकपाहणीचे काम हाती घेतले. पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले. पानसे आणि सुखात्मे यांचे १९५४ चे संख्याशास्त्राचे पुस्तक आमच्या खात्यात पिढ्यान्‌पिढ्या हाताळले गेले. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक गोष्ट दाखवून दिली होती. चौकोन किंवा वर्तुळ फार लहान घेतले तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसते. का? कारण दोरीवर उभे असलेले झाड आत धरायचे की बाहेर, या संशयात हात नकळत त्याला आत ओढतो. आणि क्षेत्र जेवढे लहान, तेवढा क्षेत्राच्या मानाने त्याचा काठ मोठा. चूक आत होत नाही, काठावर होते.

हे मी पुस्तकात वाचले होते. डोळ्यांनी पाहिले ते आपल्या तुरीच्या रानात. तुरीचे झाड पसरट. मूळ दोरीच्या आत आणि फांद्या बाहेर, किंवा उलट. "ज्याचे मूळ आत ते आत" हा नियम मी किती शेतकऱ्यांना समजावला असेल त्याला गणती नाही. २०१६ पासून पंतप्रधान पीक विमा योजनेची भरपाई या प्रयोगांच्या आकड्यांवर ठरू लागली, तेव्हापासून दोरीवरच्या एकेका झाडाला मोल आले. पूर्वी झाड आत ओढणारे हात आता ते बाहेर ढकलू लागले. मी दोन्ही वेळी खाली वाकून मूळ कुठे आहे ते पाहत असे. परीक्षेत न पाळलेली सरांची आज्ञा मी अशी, फार उशिरा, शेतात पाळत होतो.

असे चौकोन मोजून सरासरी काढली की पुढचा प्रश्न येतो, ही सरासरी कितपत विश्वासाची? त्याचे उत्तर देणारा एक वक्र आहे, घंटेच्या आकाराचा. मधे उंच, दोन्ही बाजूंना उतरत उतरत जमिनीला टेकू पाहणारा. दे म्वाव्हर यांना तो १७३३ मध्ये सापडला, गाउस यांनी १८०९ मध्ये चुकांच्या मोजमापाला लावला. त्याच्या सूत्राच्या छेदात दुप्पट 'पाय'चे वर्गमूळ बसलेले असते. 'पाय' म्हणजे परिघाला व्यासाने भागून येणारी, शाळेत बावीस सप्तमांश म्हणून शिकलेली, तीच संख्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला कोडे पडले होते. तुरीच्या उत्पन्नात वर्तुळ कुठून आले? चौकोन आखतो, पोती तोलतो; यात गोल काहीच नाही.

उत्तर डबल इंटिग्रलमध्ये आहे, आणि ते मी नातीला दुसऱ्या दिवशी सांगितले. त्या घंटावक्राखालचे क्षेत्रफळ हवे आहे. पण हाही कालच्याच कुळातला. त्याच्या बेरजेचे सूत्र नाही. मग गणिती एक नवल करतात. जे क्षेत्रफळ एकट्याने काढता येत नाही, त्याला त्याच्याशीच गुणतात. एक वक्र पूर्वपश्चिम, तसाच दुसरा दक्षिणोत्तर. दोघांच्या गुणाकारातून जमिनीवर एक गोल टेकडी उभी राहते, उलटी ठेवलेली घंटाच जणू. आता या टेकडीचे घनफळ काढायचे. उभ्या किंवा आडव्या पट्ट्या पाडल्या तर पुन्हा तोच अडसर. पण नकाशा नीट पाहिला की दिसते, टेकडीची उंची केवळ मध्यापासूनच्या अंतरावर अवलंबून आहे. तेव्हा पट्ट्या सोडाव्यात आणि बांगड्या पाडाव्यात, एकीभोवती एक. एका बांगडीवर सगळीकडे उंची सारखी. बांगडी तोडून सरळ केली तर तिची लांबी म्हणजे तिचा परीघ, दुप्पट 'पाय' गुणिले त्रिज्या. 'पाय' आला तो इथून. आणि त्रिज्या हा जो गुणक शेजारी येऊन उभा राहिला, तोच कालच्या लांबीसारखा उपयोगी पडतो आणि बेरीज सुटते. अगदी साध्या रूपातल्या वक्रासाठी टेकडीचे घनफळ नेमके 'पाय' भरते. तेव्हा मूळ क्षेत्रफळ 'पाय'चे वर्गमूळ, सुमारे १.७७२. लाप्लास यांनी हे मूल्य १७७४ मध्ये काढले; बांगड्यांच्या युक्तीचे श्रेय सामान्यतः प्वासाँ यांना देतात. पट्ट्या सोडून दुसऱ्या कोणत्याही रीतीने तुकडे पाडले तर बेरजेत काय बदलावे लागते, याचा सर्वसाधारण विचार ऑयलर यांनी १७६९ मध्ये आरंभला होता.

नात म्हणाली, "हे सगळे फॉरेनचे लोकच आहेत." मी म्हणालो, तुकडे कसे पाडावेत हा विचार त्यांच्या आधी आपल्या शेजारी झालेला आहे. भास्कराचार्य, जन्म १११४. त्यांनी आपले गाव विज्जलवीड म्हणून सांगितले आहे. काही अभ्यासकांनी ते आपल्या शेजारचे विजापूर मानले. पण चाळीसगावजवळच्या पाटणकडे पुराव्याचे पारडे अधिक झुकते, कारण भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाला दान दिल्याचा १२०७ चा शिलालेख तिथे आहे. त्या लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे, हे आपल्यासारख्यांनी विशेष लक्षात ठेवावे. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणि'त आणि त्यावरच्या स्वतःच्या भाष्यात गोलाच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ काढून दाखवले आहे, तेही दोन रीतींनी. एकदा गोलावर आडवी कडी पाडून. आणि एकदा आवळ्यावर दिसतात तशा उभ्या फोडी पाडून. फोडी शहाण्णव, कारण त्यांच्या ज्यांच्या कोष्टकात वर्तुळाच्या एका पादात चोवीस भाग होते. उत्तर येते परीघ गुणिले व्यास. घनफळासाठी त्यांनी तिसरी रीत धरली: पृष्ठावर लहान लहान तळ आणि गोलाच्या मध्यावर टोक, अशा सुयांची कल्पना केली. गोल एकच, पृष्ठासाठी एक छेद, घनफळासाठी दुसरा. नात उठून स्वयंपाकघरात गेली. आवळ्याचा हंगाम नव्हता. मोसंबे घेऊन आली आणि सोलून फोडी मोजत बसली.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी, नाही तर सर रागावतील. पट्ट्यांची दिशा बदलली तरी उत्तर तेच, असे मी वर म्हटले. ते नेहमीच खरे नसते. कोशी यांनी १८१४ मध्ये असे एक उदाहरण तपासले की त्याच चौरसावर उभ्या पट्ट्यांनी बेरीज केली तर 'पाय'चा चौथा हिस्सा येतो, आणि आडव्यांनी केली तर तेवढाच पण उणे. याचे कारण त्या चौरसाच्या एका कोपऱ्यात आहे. तिथे छताची उंची एका बाजूने अमर्याद वर जाते आणि दुसऱ्या बाजूने अमर्याद खाली. अनंत जमा आणि अनंत खर्च यांची वजाबाकी, आधी कोणते धरले यावर अवलंबून राहते. दिशा निर्धास्त बदलता येण्यासाठी काय अट हवी, ते इटालियन गणिती फुबिनी यांनी १९०७ मध्ये नेमके सांगितले: वर-खाली न बघता सगळ्या उंच्या जमेला धरल्या तरी एकूण घनफळ सांत भरले पाहिजे. फुबिनी जन्माने ज्यू. इटलीत १९३८ मध्ये वंशभेदाचे कायदे झाले तेव्हा त्यांना देश सोडून अमेरिकेला जावे लागले. १९४३ मध्ये ते न्यूयॉर्कला वारले.

सरांचा आणखी एक नियम होता, पहिल्याइतकाच कडक. दिशा बदलली की सीमा नव्याने लिहायच्या. इंटिग्रलच्या चिन्हाच्या खालीवर जे लिहितात त्यांना सीमाच म्हणतात. उभ्या पट्टीच्या सीमा आडव्या पट्टीला तशाच चिकटवल्या तर उत्तर चुकते, आणि बहुतेक विद्यार्थी तिथेच चुकतात. हे सांगताना ते एकदा हसले होते. हैदराबाद संस्थानात जन्म, १९५६ च्या १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्यात, सख्खी बहीण लातूरला मुंबई राज्यात. घर तेच, अंगण तेच. म्हणाले, "जमीन तीच आहे रे, सीमा तेवढ्या पुन्हा लिहिल्या." वर्ग हसला. आज वाटते, हसण्यासारखे त्यात थोडेच होते. आपल्या घराण्यांनी कचेरीत उर्दू, मग इंग्रजी आणि कन्नड धरली, देवघरात मराठी ठेवली. प्रत्येक वेळी सीमा नव्याने लिहाव्या लागल्या आणि ज्यांनी जुन्याच चिकटवल्या त्यांचे हिशेब चुकत गेले, हे आपण सर्वांनी आपापल्या घरात पाहिले आहे.

नातीच्या घरी मराठी बोलली जाते ती सुट्टीपुरती. वाचायला तिला वेळ लागतो. पण त्या पंधरा दिवसांत बांध, पट्टी, काठ, फोड हे शब्द तिच्या तोंडी बसले, कारण ते शब्द कामाचे होते. वहीत ती इंग्रजीत लिही आणि माझ्याशी बोलताना "आजोबा, या रानाचा काठ वाकडा आहे" असे म्हणे. शेवटच्या चार दिवसांत तिने वीसएक गणिते सोडवली. एकदोन मला सुटली नाहीत, तिला सुटली.

निघायच्या आदल्या रात्री गच्चीवर बसलो होतो. तिने सहज विचारले, "आजोबा, ते पहिले गणित तुम्हाला इतके लगेच कसे आले? तुमच्या परीक्षेत आले होते का?"

"आले होते."

"मग तुम्ही आकृती काढली होती?"

सर १९९६ मध्ये गेले, वडील त्यांच्या आधीच. मला प्रश्न विचारू शकणारे आता कोणी उरलेले नव्हते. आणि तरीही तो प्रश्न, शब्दाला शब्द, पुन्हा माझ्यासमोर आला होता. मी म्हणालो, "नाही. काढली नव्हती. सरांना मात्र काढली म्हणून सांगितले. आणि तुझ्या पणजोबांना सांगितले की प्रश्न बाहेरचा होता."

ती काही वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "सरांना कळले असेल ना?"

"कळलेच असेल. आकृती काढली असती तर ते गणित न सुटणे शक्यच नव्हते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?"

सकाळच्या गाडीने ती गेली. आरामखुर्चीवर तिने कच्च्या हिशेबाचे कागद ठेवले होते, आजोबा रद्दी नीट लावतात म्हणून. त्यांतल्या प्रत्येक कागदावर, गणिताच्या आधी, डाव्या कोपऱ्यात एक लहानसा नकाशा होता. ते कागद मी अजून रद्दीत टाकलेले नाहीत.